किनाऱ्यावर गावाचा इतिहास उभा करायचाय? भित्तिचित्र, शिल्प, स्मारक करून घ्यायची सगळी प्रोसेस

कोकणात किनाऱ्यावर "कायतरी करूया" अशी टूम निघाली की गाडी ठरलेल्या तीन स्टेशनांवरच थांबते. एक पुतळा, एक रंगवलेला नांगर, नाहीतर ते लाल बदामवालं 'आय लव्ह अमुकतमुक'. बोर्डावरचं गावाचं नाव बदला, बाकी सगळं सेम टू सेम. सेल्फी निघतात, नाही म्हणत नाही, पण ते बघून त्या गावाबद्दल कुणाला काही कळत नाही आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला त्यात आपलं काही दिसत नाही.

हे लिहितोय ते ग्रामपंचायती, नगरपंचायती, मच्छीमार सोसायट्या आणि मुंबई मंडळं (गावच्या मुंबईकरांची) यांच्यासाठी, ज्यांना जेट्टीच्या रस्त्याला किंवा लिलावाच्या शेडच्या भिंतीवर गावाची खरी गोष्ट सांगणारं काम करून घ्यायचंय. माझं म्हणणं एवढंच की काम दिसणार कसं हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी काय आठवायचं ते, मग जागा, मग सांभाळणार कोण, आणि मग आर्टिस्ट. आपण बरोब्बर उलटं करतो, कुणाच्या तरी ओळखीतला मूर्तिकार आधी येतो, मग निधी, मग उद्घाटनाची तारीख, आणि जागा नक्की कुणाची आहे हे खड्डा खणल्यावर कळतं.

१. आधी माणसं गोळा करा

सात-नऊ जणांची समिती पुरे, पंचवीस जणांची केलीत तर चहाच जास्त होईल. सरपंच किंवा नगरसेवक एक, सोसायटीचा एक, शाळेतले एखादे गुरुजी किंवा बाई, मुंबई मंडळाचा एक, मासे विकणाऱ्या बायकांपैकी किमान दोन (एक घेतली तर ती गप्प बसते, दोघी असल्या की बोलतात), आणि हिशेबाला पक्का असा एक माणूस. राजकीय पक्षांचे लोक येणारच, येऊ द्या, पण समितीचा सचिव पक्षाबाहेरचा ठेवा.

ग्रामसभेचा ठराव लागतोच, तो घाईत घेऊ नका. चाकरमानी गावात असताना विषय काढायचा तर मे महिना बरा, गणपतीत कुणाला वेळ नसतो आणि शिमग्याला पालखी सोडून दुसरं डोक्यात नसतं. दर्यावर जाणाऱ्या लोकांशी बोलायचं तर १ जूनपासून मासेमारी बंदी लागते तो काळ सोन्यासारखा. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि गप्पांना वेळ असतो. नारळी पौर्णिमा झाली की मग विसरा.

ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: कशाबद्दलचं काम, साधारण कुठे, आणि झाल्यावर ते कुणाच्या नावावर नोंदवायचं. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. काम पंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढलं नाही तर पाच वर्षांनी त्याला रंग द्यायला एक रुपया खर्ची टाकता येत नाही, कारण कागदावर ते अस्तित्वातच नसतं.

२. आठवणी जमवा, आणि इथेच भरपूर वेळ घालवा

"गावाचा इतिहास" हा विषय झाला नाही, तो ढीग झाला. त्यातून एक धागा काढायचाय. "बोटीने मुंबईला गेलेली पिढी" हा विषय झाला, "रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारं गाव" हा विषय झाला.

बोटीचंच घ्या. कोकण किनाऱ्यावर हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी मुंबईची बोट लागायची. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला यायचीच नाही, लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, जायची-यायची. पावसाळ्यात सेवा बंद. हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल, पण तुम्हाला हवंय ते वेगळंच आहे. तुमच्या गावात पडाव कुणाचे होते, लाटेवर पडाव वरखाली होत असताना बोटीच्या शिडीवर पहिला पाय कधी टाकायचा हे कोण ओरडून सांगायचं, तांदळाचं गाठोडं आणि पोर यातलं आधी वर काय जायचं, बोट दिसली की गावाला कसं कळायचं, वाणी कुठे बसायचा. असले प्रश्न विचारा. "जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की माणूस भाषण देतो, "पडावात चप्पल हातात घ्यायचात की पायात" विचारलं की माणूस बोलायला लागतो.

फोनवर रेकॉर्ड करा, सुरुवातीलाच नाव, वय, वाडी आणि "हे वापरलं तर चालेल" एवढं बोलून घ्या. एक दिवस शाळेत स्कॅनर लावून बसा, लोकांना सांगा की जुने फोटो आणा, स्कॅन करून लगेच हातात परत देऊ. लगेच परत, हे महत्त्वाचं, "ठेवून जा" म्हटलंत की कुणी काही आणणार नाही. लग्नाच्या फोटोंत पाठीमागे बंदर दिसतं, होडीची नावं दिसतात, जुनं देऊळ दिसतं, खरा माल तिथे आहे.

कागदपत्रांसाठी जुनी मुंबई इलाख्याची गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांनी काढलेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ, बघाच. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा आणि जंजिऱ्याचा १८८३ चा, दोन्ही ऑनलाइन वाचता येतात. बंदरातून काय जायचं, काय यायचं, जत्रा कुठल्या, सगळं आहे. फक्त ते साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे विसरू नका, जातींबद्दलची वाक्यं तर जशीच्या तशी भिंतीवर टाकायची चूक अजिबात करू नका.

आता नाजूक भाग. गाव कुणाचं? किनाऱ्यावर कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी असे वेगवेगळे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू लोकांचं स्मारक आहे, त्यांचे पूर्वज गलबत फुटून तिथे किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना. ते लोक आता बहुतेक इस्रायलला आणि मुंबईला गेले, म्हणून त्यांची गोष्ट गावाच्या इतिहासातून गेली का? गावात आज ज्यांचं घर नाही त्यांनाही यादीत घ्या, पत्रं पाठवा, फोन करा. समितीतल्या लोकांना हे नेहमीच थोडं जड जातं.

दुर्घटनेवरचं काम करायचं असेल तर वेग अजून कमी करा. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, अमावास्येला घरी निघालेली. मासेमारीला गेलेल्या कोळ्यांनी काही जणांना वाचवलं. अशा विषयात बुडणारी बोट आणि पाण्यातले हात असलं काहीतरी दाखवायचा मोह आर्टिस्टला होतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना रोज जेट्टीवर जाताना ते बघायचंय का, हे त्यांनाच विचारा. बऱ्याचदा लोकांना फक्त नावं हवी असतात. मग नावांची यादी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून ताडून घ्या आणि दगडावर कोरायच्या आधी महिनाभर पंचायतीच्या बोर्डावर लावून ठेवा, स्पेलिंगच्या चुका आणि राहिलेली नावं लोक स्वतःहून येऊन सांगतात.

३. जागा: भरतीच्या दिवशी जाऊन बघा

जागा बघायला सकाळी ओहोटीला जाऊन "वा, किती मोकळं आहे" म्हणून येऊ नका. पावसाळ्यातल्या उधाणाला जा, पाणी कुठवर येतं ते बघा, गावातल्या माणसाला विचारा की निसर्ग वादळाच्या वेळी, म्हणजे ३ जून २०२० ला, पाणी आणि वाळू कुठवर आली होती. मोकळी दिसणारी जागा खरंतर मोकळी नसतेच. तिथे कुणी रापण ओढतं, कुणी सुकट वाळत घालतं, कुणी होडी वर घेतं, पोरं क्रिकेट खेळतात. कला आणायची म्हणून कुणाची सुकट हलवलीत तर पहिल्या वर्षीच त्या कामाला जाळी वाळत टाकलेली दिसतील, आणि बरोबर आहे त्यांचं.

वेळास, आंजर्ल्यासारखं कासवांचं गाव असेल तर लाइटिंगचा विचार सोडून द्या. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, तुमचा फोकस समुद्राऐवजी रस्त्याकडे घेऊन जाईल त्यांना.

खरं सांगायचं तर वाळूवर काही बांधूच नका. लिलावाची शेड, शाळेची कंपाउंड वॉल, बर्फाच्या फॅक्टरीची भिंत, एसटी स्टँड, जेट्टीकडे जाणारा कठडा, इथे काम केलंत तर निम्म्या परवानग्या वाचतात आणि लोक रोज तिथून जातात.

४. परवानग्या

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, जागा पंचायतीची, महसूलची, बांधकाम विभागाची की महाराष्ट्र सागरी मंडळाची ते लेखी कळू द्या. जेट्टी आणि बंदराची आवार बऱ्याचदा सागरी मंडळाकडे असतात, भिंत तुम्हीच बांधलेली असली तरी.

सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ना-विकास क्षेत्र असतं, दाट वस्तीच्या गावात (२०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं) ५० मीटर, नाहीतर २०० मीटर. आहे त्या भिंतीवर चित्र काढणं वेगळं आणि चौथरा बांधून काँक्रीट ओतणं वेगळं, दुसऱ्या प्रकाराला सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची वाट धरावी लागू शकते. आर्किटेक्ट असा पकडा ज्याने आधी सीआरझेडची फाईल चालवलीये.

किल्ला जवळ आहे? सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, अलिबागचा कुलाबा, वसई, ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत, त्यामुळे "कोण बघतंय" हा हिशेब आता चालणार नाही.

पुतळा करायचा असेल तर वेगळीच फाईल. थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी सामान्य प्रशासन विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो, कला संचालनालय मातीचं मॉडेल तपासतं. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर नवीन पुतळा उभारायला सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१३ मध्येच मनाई केलेली आहे. म्हणून मी तर म्हणेन, पहिलंच काम असेल तर पुतळ्याच्या वाटेला जाऊच नका.

मालवणच्या राजकोटचं उदाहरण सगळ्यांना माहितीये. शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाही. पडायच्या थोडे दिवस आधी बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजल्याचं पत्र दिलं होतं, आणि कला संचालनालयाने आपण सहा फुटी मॉडेलला मंजुरी दिली होती असं नंतर सांगितलं. राजकारण बाजूला ठेवा, करून घेणाऱ्याने त्यातून तीन प्रश्न उचलावेत. मंजुरी नेमकी कुठल्या उंचीला आणि कुठल्या धातूला आहे? आतला सांगाडा कुणी डिझाइन केला आणि त्याच्या ड्रॉइंगवर सही कुणाची? आणि गंज दिसला की पत्र कुणाला द्यायचं आणि त्याने किती दिवसांत हलायचं? तिन्हीची उत्तरं लेखी नसतील तर थांबा.

५. रूप कुठलं घ्यायचं

भित्तिचित्र स्वस्त, पटकन होतं, पण खाऱ्या हवेत चार-पाच वर्षांनी पुन्हा हात लावावा लागतो. सिरॅमिक टाइलचं म्युरल महाग पडतं, पण धुतलं की झालं. दगडात कोरलेलं काम सगळ्यात टिकाऊ, त्यात काळा दगड घ्या. जांभा आपला, जवळचा, सुंदर, पण सच्छिद्र, बारीक अक्षरं आणि चेहरे त्यात टिकत नाहीत. जांभ्याचा कट्टा आणि त्यात बसवलेली काळ्या दगडाची पाटी ही जोडी मला सगळ्यात आवडते, माणसं बसतात तरी.

जुनी लाकडी होडी ठेवायची आयडिया प्रत्येक गावात निघते. छान दिसते, पण उघड्यावर ठेवलेली होडी दोन-तीन पावसाळ्यांत तळातून जाते, वाळवी लागते ती वेगळीच. वर छप्पर, खाली जमिनीपासून उचललेले दगडी टेकू आणि दरवर्षी तेल, हे जमणार असेल तरच.

आणि वारली. वारली उत्तम कला आहे, पण ती डहाणू-पालघरकडच्या वारली लोकांची. देवगडच्या जेट्टीवर वारलीची माणसं नाचताना बघितली की मला कळतं की इथे कुणी गावाला काही विचारलेलं नाही. सिंधुदुर्गात असाल तर कुडाळजवळ पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आहे ना, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली त्याच कलेसाठी. पण तीसुद्धा पिंगुळीच्या कलाकारांकडूनच करून घ्या, नेटवरून बघून काढणाऱ्या पेंटरकडून नको.

गावाची खात्री होत नसेल तर आधी तात्पुरतं करा. मुंबईत ससून डॉकवर, म्हणजे १८७५ च्या त्या धक्क्यावर, २०१७ च्या अखेरीस मोठं कला प्रदर्शन झालं होतं, चालू मासळी बंदरात, काही आठवड्यांपुरतं. गावात एवढं मोठं नको, स्कॅन केलेले फोटो मोठे करून फ्लेक्सऐवजी कापडावर छापा आणि जत्रेच्या आठवड्यात लिलावाच्या शेडमध्ये लावा. लोक कशासमोर थांबतात, कशावर भांडतात, ते उभं राहून बघा. याच्याइतका चांगला सर्व्हे दुसरा नाही.

६. पैसे आणि आर्टिस्ट

निधीच्या वाटा: पंचायतीचा स्वनिधी, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, मुंबई मंडळाची वर्गणी, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी (कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, वारसा बसतो). एकाच दात्याकडून सगळे पैसे घेऊ नका, मग लोगो कामापेक्षा मोठा होतो.

बजेट करताना निदान दहा टक्के अडीअडचणीला आणि दहा-पंधरा टक्के पुढच्या देखभालीला वेगळे काढा, आणि देखभालीचे पैसे वेगळ्या खात्यात. बजेट कमी पडलं तर काम छोटं करा, देखभाल कापू नका.

सरकारी पैसा असला की टेंडर आणि टेंडर असलं की सगळ्यात कमी रेट, आणि कमी रेटवाल्याने काढलेले घोडे आपण सगळ्यांनी बघितलेत. यातून वाट काढायची तर काम दोन तुकड्यांत तोडा. डिझाइन आणि कलाकाराची फी एक, चौथरा-प्लास्टर-फॅब्रिकेशन दुसरं. दुसऱ्याचं टेंडर काढा खुशाल, पहिल्यात निवड गुणवत्तेवर कशी करता येईल हे ग्रामसेवक किंवा मुख्याधिकाऱ्यांशी आधीच बोलून घ्या.

आर्टिस्ट शोधायला मुंबईचं जेजे कला महाविद्यालय आहे, पण आधी चिपळूणजवळ सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात विचारा, कोकणातली पोरं तिथे शिकलेली असतात आणि त्यांना पावसाळा म्हणजे काय ते माहीत असतं. दोन पानांचं टिपण तयार करा: विषय, जागेचे फोटो आणि मापं, बजेट (आकडा लपवू नका, लपवलात तर कुणी ताजमहाल पाठवेल), तारखा, आणि जमवलेल्या आठवणींची लिंक. आलेल्यांतून तिघं निवडा आणि त्या तिघांना स्केचचे पैसे द्या. थोडे द्या, पण द्या. फुकट स्केच मागणाऱ्या गावाला चांगला आर्टिस्ट दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.

निवडलेल्या माणसाला निदान चार दिवस गावात राहायला लावा, लिलावाला घेऊन जा. स्केच ग्रामसभेत दाखवताना मतदान घेऊ नका. चुका विचारा. "शीड उलट्या बाजूला आहे", "अशी टोपली आमच्यात नसते", "बाई पाटी डोक्यावर अशी धरत नाही", हे गाव बरोबर सांगतं. निळा रंग फिका हवा की गडद हे गावाला विचारलंत तर संपलं.

७. करार

पाचशेचा स्टॅम्प घेऊन चार ओळी खरडू नका. पैसे टप्प्याटप्प्याने: स्केच मंजूर, मॉडेल किंवा नमुना चौकोन मंजूर, निम्मं काम, पूर्ण, आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा काढल्यावर. हा शेवटचा टप्पा सोडू नका.

कॉपीराइट लिहून घ्या. कायद्यात गंमत अशी आहे की पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क वेगळं काही ठरलं नसेल तर काढून घेणाऱ्याकडे जातो, शिल्पाला ते कलम नाही. त्यामुळे टीशर्ट, कॅलेंडर, पर्यटनाच्या जाहिराती यात वापरायचं तर आत्ताच ठरवा. आणि हक्क तुमच्याकडे आले तरी कलाकाराचे नैतिक हक्क (त्याचं काम कुणी बिघडवू नये हा हक्क) उरतातच, कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं, खटला चालला आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिल्प परत द्यायला आणि पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे उद्या नवीन सरपंच आला आणि त्याने भिंतीवर पांढरा मारला, असं करता येत नाही. काम हलवायचं, दुरुस्त करायचं किंवा काढायचं झालं तर कलाकाराला किती दिवसांची नोटीस, दुरुस्तीला पहिला मान कुणाचा, हे कलम हवंच.

८. सामान: खारी हवा सगळं खाते

भिंतीपासून सुरुवात करू. नवीन प्लास्टर असेल तर निदान महिनाभर द्या. समुद्राची वाळू वापरलेली असेल तर रंगाचा विचारच नको, आतून मीठ येत राहतं आणि खार फुटतो, पांढरी पावडर धरून रंगाचे पापुद्रे सुटतात. साधी टेस्ट आहे: दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिक घ्या, चारही बाजूंनी टेप मारून भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं असेल तर भिंत ओली आहे, थांबा. वरचा स्लॅब किंवा कठडा गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा. भिंतीच्या वरच्या कडेला पाणी पुढे टाकणारी पट्टी काढली तर चित्राचं आयुष्य सरळ वाढतं, आणि तळाचा फूट-दीड फूट चित्र न काढता दगडी पट्टा ठेवा, पावसाचे शिंतोडे आणि कुत्री दोघांचाही तिथेच वावर असतो.

धातू. साधं लोखंड किनाऱ्यावर वापरू नका, गॅल्व्हनाइज्ड म्हणून देतात तेही वेल्डिंगच्या ठिकाणी उघडं पडतं. ते गंज धरून थांबणारं कॉर्टेन स्टील पुण्या-मुंबईच्या आर्किटेक्टांना फार आवडतं, खाऱ्या हवेत त्याचा गंज थांबत नाही. स्टेनलेस घ्या तर ३१६ ग्रेड, ३०४ नाही. ३०४ वर वर्षभरात चहाच्या डागासारखे तपकिरी ओघळ येतात. फरक मॉलिब्डेनमचा आहे, ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं. फॅब्रिकेटर लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ओरिजिनल" म्हणेल, त्याला भुलू नका, चुंबक ३०४ ला पण चिकटत नाही. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि शंका असेल तर लॅबमध्ये तुकडा पाठवा. बोल्ट, वॉशर, वेल्डिंग रॉड सगळं त्याच ग्रेडचं, कारण ३१६ च्या फ्रेमला साधे बोल्ट लावले की आधी बोल्ट जातात. ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना थेट टेकू देऊ नका, दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे लोखंड झपाट्याने खलास, मध्ये नायलॉन किंवा तसलं काही घाला.

काँक्रीटच्या चौथऱ्याला किनाऱ्यावर एम ३० ग्रेडच्या खाली जाऊ नका आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर), लाटांचे तुषार येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर, आयएस ४५६ हे भारतीय मानक तेच सांगतं. मिस्त्री एक इंच सोडतो. स्लॅब ओतायच्या आधी स्वतः जाऊन टेप लावा. उंच काही असेल तर वाऱ्याचं गणित आयएस ८७५ च्या भाग ३ प्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनीयरने सही करून द्यावं, "आपल्याकडे एवढं वारं नसतं" हे निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर कुणी म्हणू नये.

फायबर ग्लास? हलकं, स्वस्त, पण ऊन रंग खातं आणि पोरं वर चढतात. चढणारच. म्हणून मूल चढलं तरी मोडणार नाही आणि त्याला लागणार नाही असंच डिझाइन करा, "चढू नये" ची पाटी लावून काही होत नाही.

९. वेळापत्रक आणि पाटी

जून-जुलैत आठवणी, ऑगस्ट-सप्टेंबरात विषय आणि टिपण, ऑक्टोबरात निवड, नोव्हेंबरात पाया आणि प्लास्टर, जानेवारी-फेब्रुवारीत रंग. परवानग्यांची फाईल यात समांतर पळते, आणि ती अडकली तर एक अख्खं वर्ष पुढे ढकला. मार्च एंडला निधी परत जाईल म्हणून ओल्या भिंतीवर रंग मारायला लावणारे साहेब भेटतील, तेव्हा समितीतला तो हिशेबाला पक्का माणूस पुढे करा, रक्कम पुढच्या वर्षात कशी नेता येईल ते त्याने आधीच विचारून ठेवलेलं असावं.

पाटीवर कमी लिहा. साठ-सत्तर शब्द, त्यात एक वाक्य गावच्या बोलीत असू द्या, मालवणी, आगरी, कोळी, जे असेल ते, ज्याने सांगितलं त्याच्या परवानगीने त्याच्या नावासकट. कलाकाराचं नाव, वर्ष, कुणाच्या पैशातून. शुद्धलेखन दोघांकडून तपासून घ्या, दगडावरची वेलांटी नंतर पुसता येत नाही. क्यूआर कोड लावाल तर रेकॉर्डिंग कायम कुठे राहणार ते बघा, नाहीतर दोन वर्षांनी लिंक मरते आणि काळा चौकोन तेवढा राहतो. आणि उद्घाटनाची कोनशिला. ती येणारच. तिची जागा आणि माप ठरावातच लिहून टाका, कामापासून दहा फूट लांब आणि दीड बाय दोन फूट, म्हणजे आयत्या वेळी वाद नको.

१०. नंतर

पावसाळ्याआधी मेमध्ये एकदा आणि नंतर ऑक्टोबरात एकदा, दोन जणांनी जाऊन बघायचं. बोल्टच्या भोवती तपकिरी ओघळ, काँक्रीटला सळीच्या रेषेत तडा, रंगाला फुगे, टाइल वाजवल्यावर पोकळ आवाज. प्रत्येक वेळी त्याच जागेवरून फोटो. धातू आणि टाइल गोड्या पाण्याने धुवायची, महिन्यातून एकदा बस, साबण नको, आणि पाणी कुठल्या नळाचं घ्यायचं तेही ठरलेलं असू द्या नाहीतर धुणं पहिल्याच महिन्यात बंद पडतं. हे काम फुकट कुणाच्या गळ्यात मारू नका. सोसायटीच्या शिपायाला किंवा बचत गटाला महिन्याचे ठरलेले पैसे द्या.

कलाकाराकडून काम संपतानाच एक फाईल घ्या: वापरलेल्या रंगाची कंपनी आणि शेड नंबर, दगडाची खाण, टाइलचा बॅच, फॅब्रिकेटरचं नाव, सांगाड्याची ड्रॉइंग. प्रत्येक मुख्य रंगाचा एक लिटर डबा आणि दहा जादा टाइल पंचायतीच्या कपाटात. त्या कपाटाच्या किल्ल्या दोन ठेवा, एक ग्रामसेवकाकडे आणि एक सोसायटीत, कारण ग्रामसेवकाची बदली होतेच.